दगड ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांचं काय? जालना जिल्ह्यातली थडगी आणि घराण्याचा शोध

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "कागद कुठे मिळतील?" जालना जिल्ह्यात तर २०२३ पासून हा प्रश्न घरोघरी पोचला. अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीचं उपोषण झालं, मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कोतवाल बुक, वंशावळ हे शब्द पारावर ऐकू येऊ लागले. ज्यांनी पणजोबांचं नाव कधी विचारलं नव्हतं ते खापरपणजोबांच्या शोधात तहसीलच्या पायऱ्या चढले.

आजच्या पोस्टमध्ये मात्र कागदापेक्षा दगडाबद्दल जास्त लिहायचंय. माझी एमएस्सी भूशास्त्रातली. पीएचडीसाठी कोरीव दगडांची झीज अभ्यासते, त्यामुळे दफनभूमीत बराच वेळ जातो. इतिहास किंवा समाजशास्त्रात संशोधन करू इच्छिणारे बरेच जण विचारतात, की जुन्या थडग्यांवरून घराणं शोधता येतं का? येतं. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी, आणि ही सगळी पोस्ट त्या एका गोष्टीसाठीच आहे.

ज्याचं थडगं चांगलं टिकलंय, त्याची माहिती बहुतेक वेळा आणखी दोन-तीन ठिकाणी मिळते. ज्याच्याबद्दल दुसरीकडे कुठेच काही लिहिलेलं नाही, त्याचं थडगं मातीचं असतं, आणि तेच आधी जातं. म्हणजे जिथे दगडाची गरज सर्वांत जास्त, तिथेच दगड नसतो. हे लक्षात न घेता तुम्ही दफनभूमीत शिरलात, तर सुंदर अक्षरांच्या पाट्यांचे फोटो काढून परत याल. ते संशोधन होणार नाही, अल्बम होईल.

आधी यादी करा: इथे पुरलं कुणाला जात होतं?

"हिंदू जाळतात, मुसलमान-ख्रिश्चन पुरतात" हे शाळेत शिकलेलं वाक्य शेतात गेल्यावर टिकत नाही. मराठवाड्यात लिंगायतांमध्ये दफन आहे, मृताला बसलेल्या स्थितीत ठेवतात. गोसावी, नाथजोगी यांच्यात समाधी देण्याची रीत आहे. महानुभावांमध्ये दफन होतं. जे समाज दहन करतात त्यांच्यातही अगदी लहान मूल गेलं तर बहुतेक ठिकाणी पुरतातच. शिवाय शेताच्या बांधावर एखाद्या मूळ पुरुषाचा चौथरा असतो. त्याला कुणी समाधी म्हणतं, कुणी थडगं. अक्षय्य तृतीयेला किंवा पितृपक्षात तिथे नैवेद्य जातो. गावाच्या वेशीजवळ वीरगळ किंवा सतीचा कोपरापासून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली शिळा असते. तिच्याखाली कुणी पुरलेलं असेलच असं नाही, पण एखादं घराणं तिला आपली मानत असेल तर ती तुमच्या यादीत यायला हवी.

मुस्लिम कबरस्तान जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहे. जालना शहरात छावणीमुळे युरोपियन थडगी आली. कंपनीची आणि नंतर हैदराबाद कंटिंजंटची फौज एकोणिसाव्या शतकात इथे दीर्घकाळ होती. आणि मिशनच्या कामामुळे स्थानिक मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या दफनभूमी तयार झाल्या. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

तेव्हा पहिल्या दिवशी कुठलीही पाटी वाचू नका. गावाचा नकाशा घ्या, दोन म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या आणि फक्त जागा नोंदवा. कुठे कुणाला पुरत होते, कुठे आता पुरत नाहीत, कुठे रस्ता झाला, कुठे शेत झालं. गावात जेवढे समाज आहेत तेवढ्या जागा मिळाल्या नाहीत, तर उरलेले समाज कुठे गेले हा तुमचा पहिला संशोधनप्रश्न.

असई: मरण एका दिवसाचं, नोंदी पाच प्रकारच्या

आता वर म्हटलेली विषमता एका उदाहरणावर तपासून बघू. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई गावाजवळ, आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांची लढाई झाली. वेलस्लीच्या बाजूचा हिशेब असा लिहिला गेला: ठार ४२८, जखमी ११३८, बेपत्ता १८. एकूण १५८४.

समजा या लढाईत मेलेल्या पाच माणसांचे वंशज आज तुमच्याकडे आले आणि म्हणाले, आमचा पूर्वज शोधून द्या.

पहिला वंशज ब्रिटिश अधिकाऱ्याचा. उदाहरणार्थ घोडदळाचं नेतृत्व करताना मारला गेलेला लेफ्टनंट कर्नल पॅट्रिक मॅक्सवेल. त्याचं नाव लढाईच्या अहवालात आहे, पलटणीच्या इतिहासात आहे, लढाईवरच्या प्रत्येक पुस्तकात आहे. त्याच्यासाठी तुम्हाला दगडाची गरजच नाही.

दुसरा वंशज ७४ व्या हायलँडर पलटणीतल्या साध्या गोऱ्या शिपायाचा. त्याच्यावर कुणी दगड उभा केला नसेल. पण ती राजाची पलटण होती, आणि अशा पलटणींची हजेरी व पगाराची पत्रकं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. पगार द्यायचा म्हणजे नाव लिहावंच लागतं. त्यामुळे गरीब असला तरी तो सापडण्याची शक्यता चांगली आहे.

तिसरा वंशज कंपनीच्या मद्रासी पलटणीतल्या देशी शिपायाचा. हा त्याच रांगेत, त्याच तोफांसमोर उभा होता. तो वरच्या आकड्यात मोजला गेलाय, पण नावानिशी सलग कागद अशा शिपायांच्या बाबतीत क्वचितच हाती लागतात. पूर्वज आकड्यात आहे आणि यादीत नाही, अशी ही अवस्था.

चौथा वंशज शिंद्यांच्या तोफखान्यातल्या गोलंदाजाचा. हे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, हे शत्रूनंच लिहून ठेवलंय. पण त्यांच्या बाजूच्या मृतांचे आकडेसुद्धा अंदाजाचेच आहेत.

पाचवा वंशज असई, पिंपळगाव, वरूड या पंचक्रोशीतल्या गावकऱ्याचा. लढाई त्याच्या शेतात झाली. त्याच्याबद्दल ना आकडा, ना अंदाज.

एकच दिवस, एकच माती, आणि पुराव्याच्या पाच पायऱ्या. संख्याशास्त्र शिकलेल्यांनी ओळखलं असेल, याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. जे टिकलं त्यावरून सगळ्यांबद्दल बोलायला लागलो की होणारी चूक. मी बघितलेले बरेच विद्यार्थी दफनभूमीतून "सरासरी आयुर्मान" काढायला जातात. पाट्यांवर वयं असतात, बेरीज करून भागाकार केला की झालं. पण पाटी लावली जाते कमावत्या, प्रौढ, बहुधा पुरुष माणसाची. पाळण्यातलं पोर मेलं तर कुणी दगड घडवायला देत नाही. तुमची सरासरी गावाची नसते, दगड परवडणाऱ्यांची असते.

दगड काय सांगतो

आता माझ्या विषयाकडे येते. जालना जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर. हा दगड कठीण, त्यामुळे गावच्या पाथरवटानं कोरलेली अक्षरं मोठी, उथळ आणि थोडी असतात. नाव, शके, संपलं. सच्छिद्र जातीचा पाषाण असेल तर अक्षर आणि छिद्र यांत फरक करणं अवघड जातं. 'ग' आहे की 'म', '१' आहे की नुसता टवका, यावर तास जातो.

संगमरवर वेगळा. तो मऊ, त्यावर बारीक आणि लांब मजकूर कोरता येतो. पण त्यातलं कॅल्साइट पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात हळूहळू विरघळतं, म्हणून उघड्यावरच्या संगमरवरी पाटीची अक्षरं साखरेच्या खड्यासारखी बोथट होत जातात. काही पाट्यांमध्ये अक्षरांच्या खाचांत शिसं भरलेलं असतं. ते पडलं किंवा कुणी काढून नेलं तरी खाच आणि खिळ्यांची भोकं राहतात, त्यावरून अक्षर जुळवता येतं.

यात घराण्याचा इतिहास कुठे आला? संगमरवर जालन्यात निघत नाही. १९०० च्या सुमारास रेल्वे आली, त्याआधी तो गाडीबैलानं आणावा लागे. म्हणजे खेड्यातल्या एखाद्या जुन्या थडग्यावर संगमरवर दिसला, तर त्या घरात पैसा होता किंवा बाहेरगावी संबंध होते. मजकूर वाचता आला नाही तरी ही नोंद महत्त्वाची आहे.

दिशा बघा. आपल्याकडे मुस्लिम कबर उत्तर-दक्षिण असते, डोकं उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला, किब्ल्याकडे. ख्रिस्ती थडगं जुन्या रितीनं पूर्व-पश्चिम. दख्खनमधल्या जुन्या कबरींवर वरच्या बाजूला कलमदानासारखा उंचवटा असेल तर ती पुरुषाची आणि पाटीसारखा सपाट भाग म्हणजे तख्ती असेल तर स्त्रीची, असा संकेत होता. एकही अक्षर नसलेल्या कबरीवरून आपल्याला धर्म, लिंग आणि साधारण ऐपत कळू शकते. अक्षर नाही म्हणजे माहिती नाही, असं समजू नका.

आणि मातीची कबर? तिथे बघायचं ते झाड. सब्जा, चाफा, कडेनं लावलेले ओबडधोबड दगड, आणि ते दगड कुणी अलीकडे नीट केले आहेत का. नीट केले असतील तर तो माणूस गावात आहे. त्याला गाठा. तोच तुमचा शिलालेख.

वाचताना काय करू नये, तेही सांगते. खडू घासू नका, तारेचा ब्रश लावू नका, ॲसिड तर अजिबात नको. शेवाळ खरवडलं की वरचा थर अक्षरासकट निघतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. त्याहून चांगला उपाय फुकट आहे: सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना जा. तिरप्या उजेडात उथळ अक्षरांची सावली पडते. दुपार असेल तर आरसा धरून बाजूनं उजेड टाका, किंवा संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च दगडाला समांतर धरा. एकाच पाटीचे चार दिशांच्या उजेडातले चार फोटो काढा, सोबत पट्टी ठेवा. जे अक्षर दिसत नाही ते वहीत रिकामं सोडा. अंदाजानं भरलेलं अक्षर सहा महिन्यांनी तुम्हालाच खरं वाटायला लागतं.

एका जिल्ह्यात चार कालगणना

मराठवाड्यात हा भाग फार गमतीचा आणि फार धोक्याचा आहे. ख्रिस्ती थडग्यावर इसवी सन, कबरीवर हिजरी, समाधीवर शके, आणि निजाम सरकारच्या कागदावर फसली. एकाच माणसाच्या मृत्यूची नोंद तीन ठिकाणी तीन सालांत असू शकते.

शकेमध्ये ७८ मिळवले की इसवी सन येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शके चैत्रात बदलतं आणि इसवी सन जानेवारीत, हे विसरलं जातं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर गेले. ७८ मिळवले तर १६८१ येतं. पण माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून इथे ७९ मिळवायचे. खरं साल १६८२. महिना न बघता सरसकट ७८ मिळवणारा एका वर्षानं चुकतो, आणि वंशावळीत एक वर्ष म्हणजे कधी कधी वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा.

शकेसोबत संवत्सराचं नाव असेल तर सोनं. साठ नावांचं चक्र असल्यामुळे ते तपासणीचं साधन होतं. असईची लढाई झाली ते शके १७२५, संवत्सर रुधिरोद्गारी. आता या नावाचा अर्थ बघितला तर अंगावर काटा येतो, पण तो निव्वळ योगायोग. आपल्या कामाचा भाग असा: दगडावर शक आणि संवत्सर यांचा मेळ बसत नसेल तर दोहोंपैकी काहीतरी चुकीचं वाचलं गेलंय. किंवा दगड नंतर, आठवणीवरून, बसवलाय. दुसरी शक्यताही तितकीच कामाची.

हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून चालत नाही. ढोबळ हिशेब: हिजरी सालाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. हिजरी १३०० म्हणजे १२६१ अधिक ६२२, साधारण १८८३. प्रत्यक्षात ते वर्ष नोव्हेंबर १८८२ मध्ये सुरू झालं. म्हणजे उत्तर जवळचं येतं, पण अंतिम नोंदीआधी तक्ता बघावाच लागतो. हैदराबाद संस्थानाच्या फसलीत ५९० मिळवायचे: फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ च्या आसपास सुरू झालेलं वर्ष. मोडी कागदात शुहूर सन आला तर ५९९. वहीत आधी दगडावर किंवा कागदावर जसं आहे तसंच साल लिहा, रूपांतर शेजारच्या रकान्यात. मूळ साल पुसून रूपांतरित साल लिहू नका, नाहीतर चूक झाली तर परत जायला वाट उरत नाही.

वयाबद्दलही सांगते. पाट्यांवर आणि जुन्या नोंदवह्यांत ४०, ५०, ६० ही वयं संशयास्पद प्रमाणात जास्त दिसतात. जन्मतारीख माहीत नसलेला माणूस गेला की घरचे "साठीचे असतील" म्हणतात. तेव्हा "शके १८२०, वय ६०" वाचून जन्म १८३८ असं लिहू नका. १८३३ ते १८४३ असं लिहा. प्रयोगशाळेत आपण मोजमापाची चूक लिहितो ना, तसंच इथे.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला का?

समजा तुम्हाला एका समाधीवर "संतोबा रामजी" मिळालं. घरी सांगतात, आमचे खापरपणजोबा संतोबाच. काम झालं? नाही झालं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देण्याची पद्धत आहे. त्यामुळे संतोबा रामजी, रामजी संतोबा, पुन्हा संतोबा रामजी अशी साखळी चालते. एकाआड एक पिढीत अगदी तेच पूर्ण नाव येतं. दोन संतोबांमध्ये पन्नास वर्षांचं अंतर आणि चार एकर जमीन असू शकते.

म्हणून मी तीन धाग्यांचा नियम पाळते. दगड, कागद आणि माणूस. दगड म्हणजे थडगं आणि त्याची जागा. कागद म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, खासरा-पाहणी, शाळेचा दाखला, चर्चची नोंदवही, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. माणूस म्हणजे जो आजही तिथे नैवेद्य ठेवतो, फातेहा पढतो किंवा मेणबत्ती लावतो. तिन्ही धागे एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगत असतील तर "निश्चित" लिहा. दोन जुळले तर "संभाव्य". एकच असेल तर "दावा". "एकमेकांना न विचारता" हे महत्त्वाचं, कारण कधी कधी घरच्यांची आठवण ही ती पाटी वाचूनच तयार झालेली असते. मग ते दोन धागे नाहीत, एकच.

इथे थडग्यांची एक खरी ताकद सांगायला हवी. आपल्या वंशावळी पुरुषांच्या असतात. बाप, मुलगा, नातू. आई, लेक, सून नाही. सुनेचं तर नावही लग्नात बदललेलं. पण दफनभूमीत बायकांना जागा द्यावीच लागते. "अमुकची पत्नी" एवढं का होईना, दगडावर येतं. पाटीच नसेल तरी तख्ती असते. एका घराण्याच्या ओळीनं असलेल्या कबरी मोजल्या तर कागदावर कुठेच नसलेल्या बायका आणि मुलं समोर येतात. एखाद्या साली पाच-सहा थडगी एकदम दिसली तर ते साल बघा. शके १८४० म्हणजे १९१८, इन्फ्लुएंझाची साथ. १८९९-१९०० म्हणजे छपन्नचा दुष्काळ. वंशावळीत हे सगळं "निसंतान" या एका शब्दात संपलेलं असतं.

एक घर, दोन वाटा: बेथेलकडे बघताना

जालन्याच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास नारायण शेषाद्री यांच्याशिवाय सांगता येत नाही. हे ब्राह्मण घरातले. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच वर्षी त्यांचा लहान भाऊ श्रीपत याच्यावरून मोठं प्रकरण झालं. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या त्या मुलाला न्यायालयानं आईवडिलांकडे परत दिलं, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी टीका सोसली. पुढे १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. तिथे आलेल्या कुटुंबांत मातंग समाजातली बरीच होती.

घराण्याच्या शोधासाठी यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक: एकाच आईची दोन मुलं दोन वेगळ्या प्रकारच्या नोंदींमध्ये जाऊ शकतात. एकाची नोंद चर्चच्या वहीत, दुसऱ्याची तीर्थोपाध्यायांकडे. फक्त एकाच धर्माच्या जागेत शोधलं तर अर्धं घर हरवतं. दुसरी, आणि मला जास्त महत्त्वाची वाटणारी: त्या काळी गावगाड्यात ज्यांना जमीन नव्हती, त्यांचं नाव जमिनीच्या कागदात कसं येणार? पाहणी पत्रक कितीही चाळलं तरी भूमिहीन माणूस त्यात मिळत नाही. पण त्याच कुटुंबातल्या कुणी बाप्तिस्मा घेतला असेल तर चर्चच्या नोंदवहीत नाव, वडिलांचं नाव, तारीख आली. दफनाची नोंद आली. म्हणजे एका दलित कुटुंबाचा जुना लेखी पुरावा महसूल खात्यात न मिळता चर्चच्या कपाटात मिळू शकतो. त्या नोंदीत नाव बदललेलं असू शकतं, आडनाव नवं असू शकतं, म्हणून तिथेही तीन धागे लागतातच.

हे कागद कुठे असतात? मिशन स्कॉटलंडच्या चर्चचं, त्यामुळे त्याचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. स्थानिक वह्या स्थानिक चर्चकडे. छावणीतल्या युरोपियनांचं प्रकरण वेगळं: जालन्यातली कंपनीची फौज मद्रास इलाख्याची होती, म्हणून बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदींच्या प्रती मद्रासमार्गे लंडनला गेल्या आणि आज ब्रिटिश लायब्ररीत मद्रासच्या खाली मिळतात. मुंबईच्या खाली शोधाल तर हात हलवत परत याल. निजाम राज्यातल्या युरोपियन थडग्यांवरचे लेख ओ. एस. क्रॉफ्टन यांनी एका पुस्तकात गोळा करून ठेवलेत. दक्षिण आशियातल्या युरोपियन दफनभूमींसाठी १९७६ पासून लंडनमध्ये एक स्वतंत्र संस्था काम करते. बघा, पुन्हा तेच: गोऱ्या लेफ्टनंटसाठी वही, पुस्तक, संस्था, तिन्ही. बेथेलच्या पहिल्या पिढीसाठी एक वही आणि काही मातीचे उंचवटे.

परवानगी आणि परिणाम

दफनभूमी ही जिवंत माणसांची जागा आहे. कबरस्तानात मुतवल्ली किंवा कमिटीला, चर्चमध्ये पाळकांना, शेतातल्या समाधीसाठी मालकाला आणि भाऊबंदांनाही विचारा. अनेक ठिकाणी बायकांनी कबरस्तानात किंवा स्मशानात जाण्याची रीत नाही. मी आधी विचारते. नाही म्हटलं तर कुंपणाबाहेरून नकाशा काढते, आतलं वाचन त्याच समाजातल्या एखाद्या मुलाला शिकवून त्याच्याकडून करून घेते. काम हळू होतं, पण वाचणारा गावातलाच एक तयार होतो.

दुसरी गोष्ट परिणामांची. तुम्ही काढलेला साधा नकाशा उद्या जमिनीच्या वादात पुरावा म्हणून मागितला जाऊ शकतो. गावात दलितांच्या स्मशानाला जागा आहे की नाही, कबरस्तानाची हद्द कुठपर्यंत, हे आजचे वाद आहेत. म्हणून नकाशावर तारीख घाला, मोबाइलच्या जीपीएसची चूक काही मीटर असू शकते हे लिहा, आणि "हद्द" हा शब्द वापरू नका. तुम्ही थडगी मोजली, हद्द नाही. कुणी म्हणालं, "ताई, हा दगड आमच्या दाखल्याला चालेल का?" तर स्पष्ट सांगा: दाखल्याचा पुरावा कायदा ठरवतो, इतिहासाचा पुरावा वेगळा. माणूस आशेनं विचारतो तेव्हा गोलमोल उत्तर देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तर सुरुवात कुठून?

संशोधनाचा आराखडा लिहिताना मार्गदर्शक विचारतील, "तुमचा नमुना कोणता?" तेव्हा "गावातली सर्व जुनी थडगी" असं लिहू नका. दोन याद्या करा. एक अक्षरं असलेल्या थडग्यांची, दुसरी अक्षरं नसलेल्यांची. आणि क्षेत्रकामाचे दिवस वाटताना दुसऱ्या यादीला जास्त दिवस द्या. पहिल्या यादीतला दगड आणखी वीस-तीस वर्षं वाट बघेल, त्याची प्रत कुठेतरी असेलही. दुसऱ्या यादीचा मजकूर एखाद्या सत्तरी-ऐंशीच्या माणसाच्या डोक्यात आहे. "ही आमच्या आत्याची, ती तिच्या सवतीची, तो कडेचा दगड म्हणजे जुळी पोरं." हे वाक्य कुठल्याच अभिलेखागारात नाही.

येत्या सुट्टीत गावी गेलात की एवढंच करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला, आजोबांना नव्हे, सोबत घ्या. दफनभूमीत जाता येत नसेल तर घरीच कागद पुढे ठेवून नकाशा काढायला सांगा. कोण कुठे आहे ते तिच्या शब्दांत लिहा, तिच्या परवानगीनं आवाज रेकॉर्ड करा, तारीख घाला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तिरपं असताना, तो नकाशा घेऊन जा आणि मोजा. किती जागा जुळल्या, किती नाही, ते कमेंटमध्ये कळवा. न जुळलेल्या जागा आधी कळवा, कारण प्रश्न तिथूनच सुरू होतात.

पुढच्या पोस्टमध्ये कोतवाल बुकातली मोडी वाचायला कशी सुरुवात करायची, ते लिहीन.